बारा बाटल्या

"बाराही बाटल्या पास," खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला आणि त्याने अहवाल काचेखालून सरकवला.

धोबिणीला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. तिने कागद उलटसुलट करून पाहिला. कातड्याच्या कारखान्यामागच्या वस्तीतलं पाणी पिण्यास योग्य आहे, असं चक्क लिहिलं होतं. खाली शिक्का.

"साहेब, आमच्या नळाखाली पांढरा सदरा धुतला तर पिवळा होतो. आठ वर्षं हेलपाटे घातले, तेव्हा कुठे तुम्ही नमुन्याच्या बाटल्या पाठवल्यात. माझी धाकटी रोज उलट्या करतेय."

"ताई, यंत्राचं काय तुमच्याशी वैर आहे?" कारकून वाईट नव्हता, कंटाळलेला होता. "खरं सांगू? इतकं स्वच्छ पाणी माझ्याही घरी येत नाही. आज या कागदावर कारखान्याच्या वाढीव कामाला परवानगी निघेल. पुढची तपासणी पाच वर्षांनी."

धाकटी सहा वर्षांची होती. धोबिणीने कागद उचलला आणि ती निघाली.

बाहेर पायऱ्यांवर सासूबाई आणि वस्तीतल्या चार म्हाताऱ्या ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या. लग्नाला निघाल्यासारख्या.

"काय म्हणाले गं?"

"पाणी चांगलं आहे म्हणाले."

सासूबाईंनी शेजारणीच्या पाठीत थाप मारली. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"आई, काय म्हटलं होतंत तुम्ही?"

"अगं, तू कपडे पोचवायला गेली होतीस आणि हा सरकारी माणूस बाटल्या ठेवून गेला. उद्या न्यायला येतो म्हणाला. आता परक्या माणसाच्या हातात ते घाणेरडं पाणी द्यायचं? काय म्हणेल तो, कसल्या घरची माणसं ही! आम्ही पाचजणी टेकडी चढून वरच्या झऱ्यावर गेलो. बाराही बाटल्या तिथे भरल्या. वर दुहेरी फडक्यातून गाळूनसुद्धा घेतलं. तुला मुद्दामच बोलले नाही. या गुडघ्यांनी टेकडी चढले म्हणून ओरडली असतीस."

फाटकं आत, धडकं बाहेर, हा सासूबाईंचा जन्माचा शिरस्ता. पाहुण्याला फुटका कप त्यांनी कधी दिला नाही. आठ वर्षं सगळ्या वस्तीला नळाचं पाणी नासलंय म्हणून ओरडून सांगणाऱ्या धोबिणीला बाटल्यांत तेच पाणी भरायचं, एवढं एकच घरात सांगायचं सुचलं नव्हतं. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

ती उलटी फिरली. दोन पायऱ्या चढली आणि थांबली. पाणी नळाचंच असल्याच्या, अहवालाला जोडलेल्या बाराही कागदांवर या पाचजणींचेच अंगठे होते. खोटं पाणी दिलं म्हणून आधी यांनाच धरतील, आणि कारखान्याचा वकील तर वाटच बघत असेल. ती खाली उतरली आणि सासूबाईंच्या शेजारी बसली. रडू आवरत नव्हतं.

"वेडी कुठली! आनंदाच्या दिवशी रडतेस?" सासूबाईंनी तिचे डोळे पुसले. "पुन्हा कधी येणार आहेत तपासायला?"

"पाच वर्षांनी."

सासूबाईंनी गुडघे चोळत टेकडीकडे पाहिलं.

"पाच ना? असेन मी तोवर. पुन्हा आणीन वरून."