नळापाशी

"सर, तिथेच थांबा! हलू नका!"

तंबूतून चार-पाच जण एकदम ओरडले आणि दशरथ मैदानाच्या कडेला, नळापाशी होता तसा उभा राहिला. काविळीने पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेला हा कोच डॉक्टरांना न विचारता रिक्षा करून मुलुंडला आला होता. दम लागला म्हणून नळाच्या कट्ट्यावर जरा टेकला, तेवढ्यात इकडे बाळा आणि काशीरामची शेवटची जोडी जमली. आता त्याला स्वतःच्याच टीमच्या तंबूत यायची बंदी.

जोडी जमली की कुणी जागा सोडायची नाही. हा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, पण मुंबईतल्या मैदानांवर तो एलबीडब्ल्यूपेक्षा कडक पाळतात. चहा आणायला गेलेला माणूस टपरीवरच अडकतो.

तंबूत दशरथच्या घडीच्या खुर्चीवर कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर नंदकुमार बसले होते. नळ काही फार लांब नव्हता, आणि हळू बोलायची त्यांना सवय नव्हती.

"गेल्या वर्षी, त्र्याऐंशीत, आपण वर्ल्ड कप जिंकलो. कोच होता का? मॅनेजर होता, बस! मग कंपनीच्या टीमला कशाला हवा? पंधरा दिवस कोच आजारी, आज तो नळावर. आपोआप परीक्षा झाली ना! जिंकली पोरं, तर उद्याच साहेबांना सांगतो, हे पद बंद करा."

"आणि हरली तर?" शेजारच्याने विचारलं.

"तर राहू दे बिचाऱ्याला."

दशरथला शब्द न् शब्द ऐकू आला. पद गेलं की पदाबरोबर मिळालेली भांडुपची खोली जाणार. सुलक्षणा, तिचं शिवणाचं मशीन, दोन मुली, सगळा संसार त्या खोलीत होता. जिंकायला नऊ रन हवे होते. एक विकेट पडली की खेळ खलास, आणि खोली शाबूत.

बाळाने ड्राइव्ह मारला. बॉल हवेत उडाला आणि मिडऑफच्या बोटांना चाटून गेला. तंबूत सगळे "अरे अरे" करत राहिले. काय झालं ते दशरथला तिथूनच कळलं. घाबरला की बाळाचा खालचा हात बॅटचा दांडा गळा आवळल्यासारखा धरतो आणि बॉल वर जातो. असा आणखी एक, की कॅच. एक हाक पुरे होती. "बाळा, खालचा हात!" एवढीच.

दशरथने तोंड उघडलं. हाक मारली नाही.

होऊ दे आउट, असं त्याच्या मनात आलं. ज्या पोराला त्याने बॅट धरायला शिकवलं, त्याचा कॅच जावा म्हणून तो नळ घट्ट धरून उभा होता. खोलीची भीती एकीकडे राहिली, दशरथला आता स्वतःचीच भीती वाटायला लागली. घशाला कोरड पडली, आणि नळ हातात असून पाणी प्यायचं सुचेना.

तेवढ्यात बाळा क्रीजवरून बाजूला झाला. त्याने उजवा ग्लोव्ह काढला, हात झटकला, ओठ हलवले. काय म्हणतोय ते ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी दशरथला ते शब्द पाठ होते. खालचा हात सैल, खालचा हात सैल. कँटीनच्या मागे महिनोन्महिने त्यानेच ते घोकून घेतले होते.

त्यानंतर एकही बॉल हवेत गेला नाही. शेवटचा चौकार गवताला चिकटून गेला.

बाळा तोंड धुवायला नळावर आला. त्याच्या मागोमाग नंदकुमारही आले. दशरथच्या पिवळ्या डोळ्यांकडे बघून म्हणाले, "काय दशरथराव, बरं आहे ना आता?" उत्तराची वाट न बघता ते बाळाकडे वळले. "काय रे, मघाशी काय पुटपुटत होतास? देवाचं नाव?"

"नाही साहेब. खालचा हात सैल, असं म्हणतो. सवय आहे."

"कुणी लावली?"

बाळाने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "कुणी नाही. पहिल्यापासूनच आहे."

मी लावली, हे दशरथच्या अगदी ओठांवर आलं. पण मघाशी न मारलेली हाक अजून घशात होती. तिला ओलांडून दुसरं काही बाहेर पडेना. नंदकुमार खूश होऊन तंबूकडे गेले.

"सर, तुम्ही हलला नाहीत म्हणून जिंकलो हां!" बाळा म्हणाला. "फायनललाही इथेच उभे राहा."

"राहीन," दशरथ म्हणाला. "गेटवर आत सोडलं तर."

बाळा खळखळून हसला. त्याला वाटलं, सरांनी जोक केला.