तिसऱ्या घरातली पट्टी

डीएनए तपासायच्या जेलवर तिसरी पट्टी उमटली आणि ती खुर्चीतून पुढे वाकली.

जेलच्या पहिल्या घरात, म्हणजे खाचेत, खऱ्या औषधी वेलीचा नमुना होता. दुसऱ्या घरात तिच्यासारखीच दिसणारी विषारी वेल. तिसऱ्या घरात आईने केलेलं चूर्ण. त्याची पट्टी बरोबर दुसरीच्या रांगेत जाऊन बसली होती.

"परत एकदा लावून बघ," मागून सर म्हणाले.

"परत लावलेलंच आहे, सर."

सरांनी एकदा जेलकडे बघितलं. तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर गेले.

औषधी मुळांतली भेसळ ओळखणं, प्रयोगशाळेत तिचं रोजचं काम हेच. मूळ वाळवलं, दळलं, की पान नाही, फूल नाही. डोळे फसतात, जीभही फसते. डीएनएची खूण मात्र फसवत नाही. परक्यांच्या पोत्यांवर 'भेसळ' असा शेरा मारताना तिने कधी दुसऱ्यांदा विचार केला नव्हता. घरी जेवताना ती या गोष्टी मीठमसाला लावून सांगायची. त्या ऐकून ऐकूनच आईने बाजारातलं चूर्ण बंद केलं. बाबांच्या गुडघ्यांसाठी कालव्याकाठच्या वेलीचं मूळ ती स्वतः खणून आणू लागली. धुवायची, गच्चीवर वाळवायची, मिक्सरमधून काढायची. वर अभिमानाने म्हणायची, "घरचं आहे, डोळे मिटून घ्या." बाबा खरंच डोळे मिटून घ्यायचे. "तुझ्या आईच्या हातचं कडूसुद्धा गोड लागतं," म्हणायचे, "न लागून सांगतो कुणाला!"

आता बाबांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "मूळ कुठलं होतं ते कळलं, तर त्या का गेल्या एवढंच कळेल. परत काही येणार नाहीत."

एवढंच कळलं होतं.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा बाबा आत मशीनला जोडलेले होते. आई बाहेर बाकावर बसली होती. जागरणांनी तिचा चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. लेक दिसली तरी ती उठली नाही. नुसतं वर बघितलं, निकाल ऐकायला उभ्या केलेल्या माणसासारखं.

"काय निघालं गं?"

वाटेत तिने सगळं जुळवून ठेवलं होतं. तुझी चूक नाही, दोन्ही वेली भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत, वगैरे. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. आईचे हात तिला दिसत होते. नखांच्या कडेला माती बसून काळ्या पडलेल्या भेगा. खरं सांगून बाबा बरे होणार नव्हते. फक्त हे हात आयुष्यभरासाठी मोडणार होते.

"बरोबरच होतं, आई," ती म्हणाली. "वेल खरीच होती. किडन्यांचं कारण दुसरं काहीतरी आहे."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

आईने भिंतीला डोकं टेकलं. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण ते पुसायचंही तिला भान नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरावा तसा तिने एक लांब श्वास सोडला. तिच्या शेजारी बसून लेक तिची पाठ चोळत राहिली. एक खोटं, पण एक माणूस तरी वाचलं, असं तिला वाटलं.

बऱ्याच वेळाने आईने पदराने तोंड पुसलं. किंचित हसलीसुद्धा.

"मग मी आजपासून परत सुरू करते बाई."

"काय सुरू करतेस?"

"अगं, चूर्ण. भीतीने मधे सोडलं होतं. त्यांनी एकट्याने कडू प्यायचं, ते मला बघवायचं नाही, आणि गुडघे माझेही दुखतात, म्हणून पहिल्या दिवसापासून मीही त्यांच्याबरोबर घेत होते."