मापापेक्षा लहान बांगड्या

गोकुळाबाई कासारणीने चाळीस वर्षं बायकांचे हात दाबून बांगड्या भरल्या होत्या. पण गेल्या खेपेला मृणालच्या उजव्या हातात भरताना तिने दुखतंय का म्हणून विचारलंच नव्हतं. हात प्लास्टिकचा, त्याला काही कळतच नव्हतं.

आज मृणालने नवा हात पुढे केला. हाही कारखान्यातलाच. जुना हात कापून, घासून त्याच्या बांगड्या तिने स्वतः घडवल्या होत्या. एकीवर तर त्या हाताचं नख तसंच ठेवलं होतं.

"माप लहान झालंय गं," गोकुळाबाई म्हणाली.

"मुद्दामच केलंय, मावशी."

गोकुळाबाईने अंगठा आत दुमडून बांगडी रेटली. मृणालचे डोळे भरून आले.

"दुखलं का गं?"

"हो," मृणाल हसली. "या हाताला कळतं, मावशी. दुसरी जरा सावकाश भरा."