हाताची खूण

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तरुण संघाची मुलं नेहमीसारखी एकमेकांचे हात धरून गोल बसली. प्रार्थनेची सुरुवात पाळक मालतीताईंनी करायची, मग एकेकाने ती पुढे न्यायची, अशी रीत. ज्याला बोलायचं नसेल त्याने शेजाऱ्याचा हात दाबायचा. का, ते कुणी विचारत नसे.

ताईंच्या शेजारी बसणारी तबिथा संघात आल्यापासून नुसता हातच दाबत आली होती. पप्पा गेले आणि तिचा देवावरचा विश्वासच उडाला. तसं तिने पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून टाकलं, तेव्हा ताई म्हणाल्या, "मग देवाचं राहू दे. आमच्यासाठी ये. बटाटेवडे गरम असतात."

आज मात्र ताई बोलेचनात. आईला माती देऊन त्या कालच गावाहून परतल्या होत्या. सगळे डोळे मिटून थांबले होते. तेवढ्यात ताईंनी तबिथाचा हात हळूच दाबला.

तिच्या पलीकडच्या नाथानने सवयीने घसा खाकरला. खूण आता त्याच्याकडेच येणार होती. पण ती आली नाही.

"देवा," तबिथाचा आवाज चिरकला, "तू आहेस की नाहीस, मला अजून ठाऊक नाही. पण असलास तर ऐक. आमच्या ताईंनी मला कधी प्रार्थना करायला लावली नाही, म्हणून तुझे उपकार मानते. आज त्यांच्याने बोलवत नाहीये. त्यांना सांभाळ."

पुढे आमेन म्हणायचं तिला सुचलंच नाही. ते ताई म्हणाल्या.