मधीच गप

पुण्याच्या क्लबांत डीजे सुदर्शनचं नाव झालं ते एका शांततेमुळं. ऐन रंगात तो ठेका तोडायचा, काही सेकंद सगळं चिडीचूप व्हायचं, आणि गर्दी वेड्यासारखी ओरडायची. आज तो डिंगोऱ्याला, गावच्या घरी आला, तर आई त्याचंच गाणं स्पीकरवर लावून वैरणीला निघालेली. "आवाजाला बिबट्या भ्येतो," ती म्हणाली. "पर तुझं गाणं मधीच गप व्हतं रं. तवा लई भ्या वाटतं." "तिथंच तर पब्लिक येडं व्हतं, आई!" तो हसला आणि तिच्यामागं रानात गेला. तिनं स्पीकर बांधावर ठेवला, विळा घेतला आणि उसात दिसेनाशी झाली. तो मान डोलवत बसला. मग ती जागा आली. ठेका तुटला. आत पाचट सळसळलं. विळ्याचा आवाज नव्हता. तो ताडकन उठून ओरडला, "आई!" तिनं ओ दिली का, कळायच्या आत त्याचाच ठेका दणाणला.