वळणापर्यंतची चोरी

स्कूटर पुन्हा गेली होती. जिन्याखाली नुसतं तिचं कापडी आवरण पडलं होतं, तेही घडी घातलेलं.

"बाबा, गेली हो गाडी!" सूनबाईनं बाथरूमचं दार ठोठावलं.

आत रेडिओ चालू होता, नळ धो धो वाहत होता. दोन्ही बंद झाले आणि बाबा डोकं पुसत बाहेर आले. टेलिफोन खात्यात खांबांवर चढउतार करण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. असल्या गोष्टीनं ते घाबरणाऱ्यातले नव्हते.

"जाऊन जाऊन जाईल कुठे? वळणावर असेल."

आणि वळणावरच होती. हे सगळं बाबांच्या एका जुन्या सवयीमुळे. गाडी उभी केली की आधी सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा, मग घरात पाऊल टाकायचं. कॉक बंद असला तरी आत उरलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी सुरू होते. चोर खुशीत निघतो आणि वळणावरच्या शिंप्याच्या दुकानापाशी सगळं फुस्स. हल्लीच्या पोरांना असा काही कॉक असतो हेच मुळी ठाऊक नाही, असं बाबा कौतुकानं सांगत.

त्या वळणापर्यंत पायी जायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येई. आई गेल्यापासून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. गुडघे आखडले. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, मुलानं चांगले बूट आणून दिले. बूट खोक्यातच राहिले. "कुठे जायचं आणि कशाला?" असं म्हणून ते खोकं परत कपाटात सारत. चोरीच्या दिवशी मात्र मुकाट्यानं चपला अडकवाव्या लागत.

"या, टेलिफोनवाले," शिंपी म्हणाला. "तुमची वाटच बघत होतो."

"चोर दिसला का?"

"मी आत्ताच शटर वर केलं." शिंपी सुईत दोरा ओवत होता, त्यानं मान वर केली नाही. "बसा. चहा सांगतो."

चहा आला की जुन्या गोष्टी आल्याच.

"वहिनी पुढे, तुम्ही मागे पिशवी धरून. सगळा रस्ता हसायचा बघा."

"हसू दे. तळ्यापाशी मीच शिकवली तिला, पण माझ्यापेक्षा बरी चालवायची," बाबा म्हणाले. "फक्त आरसा खाली करून ठेवायची, तिच्या उंचीला. रोज सकाळी आमचं त्यावरून वाजायचं. आता वाजत नाही, तर सकाळ सुनी सुनी वाटते रे."

शिंप्यानं उगाचच कात्री पुसली.

निघताना बाबांनी स्कूटरच्या हँडलवर हात ठेवला. आरसा खाली झुकला होता. ते त्यात थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांनी तो वर केला. कॉक उघडला, गाडी जराशी कलती केली आणि किक मारली. परतीच्या वाटेवर गुडघे अजिबात दुखत नसत.

पहिल्या पाळीवरून मुलगा घरी आला तो हातात जाडजूड कुलूप घेऊनच. हँडलचं कुलूप आधीपासून होतं. मग पुढच्या चाकाला साखळी आली, मग भोंगा आला. तो मांजर गेलं तरी बोंबलायचा, म्हणून शेजाऱ्यांनी काढायला लावला.

"साखळी कापलेली नाही, कुलूप फोडलेलं नाही. वर आवरणाची घडी! चोर आहे की इस्त्रीवाला?" मुलगा वैतागला. "दारामागच्या खिळ्यावर किल्ल्या टांगायच्या म्हणजे आवतणच की. हे कुलूप शेवटचं. याला एकच किल्ली, ती तुमच्या गळ्यात. एवढं करून गाडी गेली तर मी विकून टाकणार. जुन्या गाड्या जमवणारे एक वकील केव्हाचे मागे लागलेत."

"वा रे न्याय! चोर सोडून संन्याशाला फाशी."

"बाबा, आईची गाडी मलाही हवीच आहे. पण एक दिवस खरंच कोणी नेली ना, तर तुम्हाला ते सोसणार नाही."

बाबांनी किल्ली गळ्यात घातली.

"एकच किल्ली?" सूनबाई ताटं पुसता पुसता म्हणाली. "आणि हरवली तर?"

"तू नको त्यात पडू. तुला साधी सायकल येत नाही."

"नाही बाई. मला त्या गाड्यांची भीतीच वाटते."

नवं कुलूप खरंच नामी निघालं. स्कूटर जिन्याखालून तसूभर हलली नाही. मुलगा निर्धास्त झोपू लागला. बाबाही हलले नाहीत. खिडकीपाशी बसायचे, जेवायचे, परत खिडकीपाशी. उठताना भिंत धरू लागले. प्रकृती बरी आहे ना, असा शिंप्यानं दोनदा निरोप पाठवला. सूनबाईचं जेवणावरून मन उडालं होतं. ती येता-जाता बाबांच्या गुडघ्यांना तेल लावू का विचारी, ते नको म्हणत.

मग एका सकाळी मुलगा कामावर गेला आणि बाबा अंघोळ आटोपून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. पायात ते नवे बूट होते. त्यांनी गळ्यातली किल्ली काढून ओट्यावर ठेवली.

"आरसा खाली करून ठेवलाय, सूनबाई," ते म्हणाले. "आणि आज पेट्रोलचा कॉक उघडून घे. वळणावर नको, तळ्यापर्यंत ने. तिनं तुलाही तिथंच शिकवली ना? मी येतो मागून चालत."