खरखर

प्रेमिलानं गाणं उचललं आणि देवानंदची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. बोटं पेटीवर फिरत होती, जीव मात्र काट्यात अडकला होता. सकाळी बघितलं तेव्हा डबीतलं चुंबक गायब होतं.

वडशाच्या नाटक कंपनीची दुपारची तालीम. मालक बापूजी मांडीवर थाप मारून दाद देत होते. डिप्रेशननं अंथरूण धरलेली, गोळ्या बदलून बदलून डॉक्टरही थकलेले, ती प्रेमिला उभी राहून गातेय म्हणजे नवलच! पण ते नवल तिच्या छातीत होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी कातडीखाली यंत्र बसवून त्याची तार मानेतल्या नसेला जोडली होती. दर पाच मिनिटांनी ते अर्धा मिनिट नसेत हलकी वीज सोडायचं, आणि तेवढा वेळ तिचा आवाज घोगरा व्हायचा. वर चुंबक धरलं की यंत्र गप्प, आवाज मोकळा.

चुंबक घटकाभरच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी गेल्या हंगामात तिनं ते पोलक्याआड महिनोन्‌महिने चिकटवून ठेवलं. चिकटपट्टी कापून द्यायचा देवानंदच. त्यालाही बायकोच्या नावाच्या टाळ्या हव्या होत्या. नाटकं गाजली. पण यंत्र बंदच राहिलं; होळीच्या सुमारास तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं, आणि एका सकाळी शेजारणींनी तिला विहिरीच्या काठावरून धरून आणलं. तेव्हापासून चुंबक डबीत होतं.

चार मिनिटं झाली. आवाज लख्ख.

"वा, बाई!" बापूजी म्हणाले.

देवानंदनं पुन्हा घड्याळ बघितलं. साडेचार. पाच. अजून लख्खच. त्याचा एक सूर चुकला. आता उठावं, सगळ्यांदेखत तिला चुंबकाचं विचारावं, असं त्याच्या मनात आलं. भात्यावरचा हात थांबला.

तेवढ्यात तिचा आवाज फाटला. ऐन वरच्या सुरात.

बापूजींचा चेहरा उतरला. "काऊन जी बाई, गळ्याले का झालं?"

"असाच होते आता," त्याच खरखरत्या आवाजात प्रेमिला म्हणाली. "चालत असन तं ठेवा, नाई तं दुसरी पाहा."

तिनं मान वळवून कपड्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेकडे बघितलं. देवानंदनंही बघितलं. ट्रंकेच्या झाकणावर गाण्याचा कागद होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून चुंबकानं दाबलेला.

मग टाळ्या वाजल्या. अख्ख्या तालमीत वाजवणारा देवानंद एकटाच होता.